फुकट खात्याची किंमत

ऑडिटरसाहेबांच्या घरचं कपडे धुण्याचं मशीन चालायचं. म्हणजे अक्षरशः चालायचं. कपडे पिळायची वेळ आली की ते थरथरत आपली जागा सोडायचं आणि कुणी अडवलं नाही तर बाथरूमच्या दारापर्यंत यायचं. त्याला आवरायला वहिनी, म्हणजे ऑडिटरसाहेबांच्या सौभाग्यवती, त्याच्यावर जाऊन बसत. खाली मशीन गदागदा हलतंय, वर वहिनी मोबाइलवर 'शेजार' वाचताहेत, हे दृश्य त्या घरात रोजचंच होतं.

'शेजार' ही एक साइट. आसपासच्या लोकांनी तिथे आपापलं खातं उघडायचं, मनाला येईल ते लिहायचं, दुसऱ्यांचं वाचायचं आणि खाली अभिप्राय टाकायचा, एवढाच तिचा पसारा. ऑडिटरसाहेब निवृत्त झाले त्या वर्षी जावयाने ती बांधून दिली होती. सासऱ्यांना काहीतरी उद्योग हवा, नाहीतर सासूबाईंचं काही खरं नाही, हा त्यामागचा विचार जावयाने कधी बोलून दाखवला नाही आणि सासऱ्यांनीही खोदून विचारलं नाही. ऑडिटरसाहेबांची हयात दुसऱ्यांची प्रवासबिलं तपासण्यात गेली होती. टॅक्सी का केली, बस का नाही, बस नव्हती तर चालत का नाही, असे प्रश्न विचारून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. निवृत्तीनंतर त्यांना 'साहेब' म्हणणारी जगात एकच जागा उरली, ती 'शेजार'. घरात तर मशीनसुद्धा त्यांचं ऐकत नव्हतं.

तर अशा या साइटचं भाडं भरायची वेळ आली. साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली असते, तिला दर वर्षी पैसे द्यावे लागतात. आजवर ऑडिटरसाहेब ते गुपचूप स्वतःच्या खिशातून भरत आणि घरच्या हिशेबात 'किरकोळ' या सदराखाली दाखवत. यंदा भाडं दुपटीहून वाढलं आणि किरकोळ या शब्दात मावेना. त्याच आठवड्यात मशीन दुरुस्त करणाऱ्याने मशीनच्या पोटात डोकं घालून, मग बाहेर काढून सांगितलं, "यात आता काही राहिलं नाही. नवीन घ्या."

वहिनींनी चहाचा कप ठेवता ठेवता विषय मिटवला. "अहो, पैसे एकापुरतेच आहेत. मशीन की शेजार, ते ठरवा."

"महिनाअखेर भाडं गेलं नाही तर कंपनी सगळं पुसून टाकणार आहे," ऑडिटरसाहेब म्हणाले. "इतक्या वर्षांचं लोकांचं लेखन आहे त्यात."

"तुमच्या सूचनाही आहेत."

"त्याही आहेत," ऑडिटरसाहेब गंभीरपणे म्हणाले. टोमणा त्यांच्या लक्षात आला नाही. "तू काळजी करू नकोस. दोन्ही होईल. साइट स्वतःच्या पायावर उभी करतो. पैसे भरणाऱ्यांचं खातं वेगळं, फुकटचं वेगळं."

"आणि लोक भरतील?"

"दर नीट ठरवला तर का नाही भरणार?"

दर नीट ठरवण्यासाठी ते मेहुण्यांकडे गेले. वहिनींच्या या भावाचं गाद्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक कशाला किती देईल याबाबत त्यांचा शब्द घरात शेवटचा मानला जाई. दुकानात खुर्ची नव्हती. मेहुण्यांनी भावोजींना सर्वांत महागड्या गादीवर बसवलं. त्या गादीत ऑडिटरसाहेब हळूहळू असे रुतत गेले की चर्चा अर्ध्यावर आली तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीच्या रेषेत होते. अशा अवस्थेत माणसाला कुणाचाही सल्ला पटतो.

"भावोजी, एक लक्षात ठेवा," मेहुणे म्हणाले. "फुकटवाल्याला जरा टोचलं पाहिजे. फार नाही, पण झोप लागू नये इतपत. मग तो आपण होऊन पाकीट काढतो."

"पण टोचायचं कुठे?"

"त्याला जे सगळ्यात प्रिय, त्यावरच बोट ठेवायचं."

घरी परतताना ऑडिटरसाहेबांनी वाटेत विचार केला. आपल्या सभासदांना सर्वांत प्रिय काय? फोटो? नाही. अभिप्राय? प्रिय होते, पण ते दुसऱ्याच्या हातात. सर्वांना सर्वांत प्रिय होतं ते लांबण लावणं. लांबणीवर कर बसवायचा! रस्त्यात थांबून त्यांनी स्वतःशीच मान डोलावली. समोरून येणाऱ्या अनोळखी बाईंनीही मग संकोचून मान डोलावली.

सभा भरली दंतवैद्यांच्या दवाखान्यात. डॉक्टर हे 'शेजार'चे जुने सभासद. संध्याकाळी पेशंट संपले की बाहेरच्या बाकांवर सभासद जमत आणि समोरच्या हिरड्यांच्या रोगाच्या चित्राकडे न बघता बोलायचा प्रयत्न करत. ऑडिटरसाहेबांनी प्रस्ताव मांडला. फुकट खात्यावर एका लेखाला शंभर शब्द. पैसे भरणाऱ्याला मर्यादा नाही.

"शंभरात माझी प्रस्तावनासुद्धा बसायची नाही," डॉक्टर म्हणाले. ते आपल्या एकुलत्या एक परदेशप्रवासाचं वर्णन क्रमशः लिहीत होते. बरेच भाग झाले होते आणि अजून त्यांचा पासपोर्ट यायचा होता.

"म्हणूनच तर तुम्ही पैसे भराल, डॉक्टर."

"भरतो की. मी कुठे नाही म्हणतोय?"

भूगोलाच्या निवृत्त बाईंनी हात वर केला. त्यांच्या छतातून वरच्या बिऱ्हाडाचं पाणी गळे. त्या गळतीवर त्या दर आठवड्याला लिहीत. सोबत उताराची दिशा दाखवणारे नकाशेही असत. "पैसे भरल्यावर कितीही लिहायचं ना? कुणी मध्ये बोलणार नाही?"

"कुणीही नाही."

"लेखी द्या."

राहिले चष्मेवाले. त्यांचं दुकान उत्तम चालायचं, पण त्यांच्या पाकिटाची आणि पैशांची ताटातूट होताना कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, मी शंभरातच भागवीन. मला सवय आहे." कसली सवय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

ऑडिटरसाहेबांनी रात्रीच्या जेवणाआधीच सूचना काढली. उपरोक्त विषयास अनुसरून, तसेच मागील सूचनेच्या संदर्भात, सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अशी ती सुरू झाली आणि कलमं, उपकलमं, अपवाद, अपवादांचे अपवाद अशी वळणं घेत खाली खाली गेली. त्यात एक कलम असं होतं की एकदा भरलेली रक्कम कोणत्याही सबबीवर परत मिळणार नाही आणि सशुल्क सभासदाची सेवा त्याने स्वतः मागणी केली तरी कमी करता येणार नाही. हे कलम त्यांचं लाडकं होतं.

मग जावयाला फोन केला. जावयाशी बोलताना ऑडिटरसाहेब उगाचच उभे राहत.

"बाबा, शंभराच्या पुढचे शब्द आले तर काय करू?" जावयाने विचारलं. "लिहिणाऱ्याला आधी इशारा देऊ का?"

"इशारा कशाला? नियम छापलाय ना आपण. कापून टाका."

"मधेच? वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं?"

"जावईबापू, एकाला वाक्य पुरं करू दिलं की दुसरा परिच्छेद मागतो."

"बरं, बाबा," जावई म्हणाला. सासऱ्यांशी वाद घालायचा नाही हे त्याने लग्नातच ठरवून टाकलं होतं.

आता पैसे ठेवायला खातं हवं. बँकेतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "शेजार म्हणजे नक्की काय? संस्था, मंडळ, का दुकान?"

"साइट आहे."

"तिथे काय विकता?"

"काही नाही. लोक लिहितात."

"मग पैसे कशाचे घेता?"

"जास्त लिहिण्याचे."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "आमच्या इथे तक्रारवहीत कितीही लिहा, पैसे पडत नाहीत." मग त्यांनी समजावून सांगितलं, की मंडळ म्हणून खातं उघडेल, पण शिक्का लागेल, आणि अध्यक्ष व खजिनदार अशा दोन वेगळ्या व्यक्ती लागतील. दोन्ही पदं आपण एकटे सांभाळू, असं ऑडिटरसाहेबांनी सुचवून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी अशा लोकांना पकडलं होतं हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. बाईंनी नकार दिला. खजिनदारपद सोडणं ऑडिटरसाहेबांच्या जिवावर आलं असतं, म्हणून अध्यक्ष झाल्या वहिनी. सही करताना त्यांनी एकच विचारलं, "अध्यक्षाला काय काम असतं?"

"काहीच नाही. फक्त सही."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

योजना सुरू झाली. डॉक्टरांनी भरले, भूगोलाच्या बाईंनी भरले, आणखी काहींनी भरले. जमा झालेली रक्कम भाड्याच्या निम्म्याच्या आसपास आली. बाकीचे फुकटवाले टोचणी लागून हळूहळू येतील, असा मेहुण्यांचा हवाला होता. पण टोचणी लागली भलतीकडेच.

झालं असं, की चष्मेवाल्यांनी पहिला शंभर शब्दांचा लेख टाकला. टाकला होता त्याहून मोठा, पण साइटने कापला. दुपारी दुकान बंद करून ते आत जेवत होते, इतक्यात शटरवर थाप पडली. थाप थांबेना. उष्टा हात तसाच ठेवून ते उठले. शेवटची ओळ होती, 'मी कुलूप काढलं, शटर अर्धं वर केलं आणि खाली वाकून पाहतो तर समोर'.

बस. पुढे काही नाही.

अर्ध्या तासात खाली अभिप्रायांची रांग लागली. समोर कोण? चोर? पोलीस? तुमचे व्याही? कधीच काही न लिहिणाऱ्या माणसांनी खाती उघडून विचारलं, समोर कोण होतं हो? दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी पुढचा भाग टाकला. तो समोरच्या माणसाच्या बुटांचं वर्णन करण्यातच कापला गेला. तिसऱ्या दिवशी लोक सकाळपासून वाट बघत होते. शेवटी तो माणूस विजेचं मीटर बघायला आलेला निघाला, पण तोवर कुणाचीच तक्रार उरली नव्हती. चष्मेवाले हुशार. चौथ्या दिवसापासून ते शब्द मोजूनच लिहू लागले आणि नेमके दार उघडायच्या आधी संपू लागले. त्यांचं बघून बाकीचे फुकटवालेही सरसावले. सगळी साइट अर्ध्या वाक्यांनी गजबजली आणि लोक ती अर्धी वाक्यं एका दमात वाचू लागले.

आणि पैसे भरलेल्यांकडे कुणी फिरकेना.

डॉक्टर स्वतः घरी आले. बसा म्हटलं तरी बसेनात. "पासपोर्टचा भाग टाकला काल. किती अभिप्राय आले, माहीत आहे? दोन. एक तुमचा, 'वाचले' असा. दुसरा माझाच."

"पण लेख पूर्ण प्रसिद्ध झाला ना? आमची हमी तेवढीच आहे."

"मला फुकट करा."

"तशी तरतूद नाही, डॉक्टर."

"पैसे राहू देत हो तुमच्याकडे. फक्त मला कापा."

"सशुल्क सभासदाची सेवा कमी करता येत नाही. कलम आहे."

"मग तुम्हीच थोडक्यात का नाही लिहीत?" स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर खिन्न झाले. "वहिनी, मी ज्यांच्याशी बोलतो त्यांच्या तोंडात माझेच हात असतात. मला मध्ये कुणी थांबवलेलंच नाही आजवर. थांबायचं कसं, ते येतच नाही मला."

डॉक्टर गेले आणि दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाई आल्या. त्या मात्र बसल्या. पर्स मांडीवर घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टरांचं खातं फुकट करायला किती पडतील?"

"बाई, फुकट करायला पैसे पडत नाहीत."

"मग घेऊ नका. पण करा."

"नियमात बसत नाही. त्यांनी मागणी केली तरी—"

"त्यांनी कुठे केलीय? मी करतेय." बाईंनी पर्स उघडली. "ऑडिटरसाहेब, किती दिवस झाले, तो माणूस अजून घराबाहेर पडलेला नाही. बॅग भरली, ती परत उपसली, आता पासपोर्ट. मला त्यांना विमानात बसलेलं बघायचंय हो. माझंही वय झालं."

ऑडिटरसाहेबांनी आपलं लाडकं कलम डोळ्यांसमोर आणलं. 'त्याने स्वतः मागणी केली तरी'. दुसऱ्याने केली तर काय, याबद्दल कलम मूग गिळून होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बिलांत अशा फटी शोधल्या होत्या. आपल्याच कलमात एक सापडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जरा वाईट वाटलं. पण टेबलावर पैसे होते आणि महिना संपत आला होता. त्यांनी एक नवीन सदर उघडलं, त्याला 'संक्षेप निधी' असं भारदस्त नाव दिलं आणि पावती फाडली. देणाऱ्याचं नाव गुप्त राहील, असं खाली लिहिलं.

डॉक्टरांचं खातं फुकट झालं. पुढच्याच लेखात, कापलं जायच्या भीतीने की काय, पासपोर्ट आला, टॅक्सी आली, विमानतळ मागे पडला, 'आणि विमानाची चाकं जमिनीवरून सुटली तशी शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट'. इथे लेख कापला गेला. अभिप्राय इतके आले की डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दवाखाना उशिरा उघडला. डॉक्टरांच्या बायकोनेही अभिप्राय टाकला होता. तो मात्र शंभर शब्दांच्या फार आत होता.

चौथ्या दिवशी डॉक्टर परत आले. चेहऱ्यावर ओळखू न येण्याइतका आनंद. "तुम्ही माझं ऐकलंत, ऑडिटरसाहेब. उपकार झाले. आता असं करा," त्यांनी पाकीट काढलं, "आपल्या भूगोलाच्या बाईंचंही करून टाका. पण त्यांना कळू देऊ नका. त्यांच्या छतातलं पाणी अजून छतातच आहे. एकदाचं खाली येऊ द्या."

मग एकच रीघ लागली. एका सुनेने सासूचं खातं फुकट करून घेतलं आणि त्याच संध्याकाळी सासूने सुनेचं. दोघींच्या पावत्या ऑडिटरसाहेबांनी एकाच पेनाने, चेहऱ्यावरची रेष न हलवता लिहिल्या. एका गृहस्थांनी मित्राचं नाव सांगितलं आणि स्वतःच्या नंबराचं खातं लिहून दिलं. ऑडिटरसाहेबांना ते कळलं, पण नियमात बसत होतं. मेहुण्यांना हे कळलं तेव्हा ते दुकानातल्या गादीवर आडवेच झाले. "भावोजी, मी गादी विकतो. पण शेजाऱ्याची गादी काढून घेण्याचे पैसे मिळतात, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही!"

एवढं होऊनही महिन्याच्या शेवटच्या दिवशी रक्कम थोडी कमी पडली. फार नाही, पण कंपनीला 'फार नाही' हे कळत नाही. कापण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. सकाळपासून ऑडिटरसाहेब सभासदांना शेवटचं आवाहन लिहीत बसले होते. उपरोक्त, तथापि आणि सबब हे शब्द वापरून झाले होते, पण मुद्दा अजून यायचा होता. त्यांच्या मनात सारखं येत होतं, उद्यापासून आपल्याला 'साहेब' कोण म्हणणार? चहा केव्हाच गार झाला होता.

वहिनींनी नवा कप आणला आणि त्याच्या शेजारी पैसे ठेवले.

"हे काय?"

"संक्षेप निधी. पावती करा."

"अगं, हे मशीनचे ना? आणि कुणाचं खातं?"

"तुमचं."

ऑडिटरसाहेबांच्या हातातलं पेन थांबलं. "माझं? माझं खातं प्रशासकीय आहे. त्याला मर्यादा लागू नाही."

"म्हणूनच नेहमीपेक्षा जास्त ठेवलेत." वहिनी समोर बसल्या. "अहो, तुमची सूचना वाचायला घेते तेव्हा मशीन नुकतं सुरू झालेलं असतं. कपडे धुऊन होतात, पिळून होतात, वाळत घालून होतात, तरी तुमचं 'सबब' येत नाही. सगळं गाव कापलंत. एकटे तुम्ही तेवढे राहिलात."

"आणि मशीन?"

"ते नाचेल अजून वर्षभर. मला सवय आहे. तुमची मात्र होत नाही."

"तरीही अशी तरतूद—"

"मी अध्यक्ष आहे," वहिनी म्हणाल्या.

ऑडिटरसाहेबांनी पावती फाडली. बेरीज अचूक होती. मग ते उभे राहून जावयाशी बोलले. "जावईबापू, एक जरा नाजूक काम होतं."

"झालंय ते, बाबा," जावई पलीकडून हळूच म्हणाला. "आईंनी सकाळीच सांगितलं होतं."

दुपारी भाडं गेलं. कंपनीची पोच आली. 'शेजार' आणखी वर्षभर राहणार होता. संध्याकाळी ऑडिटरसाहेबांनी आभाराची सूचना टाकली. शब्द मोजायची त्यांना सवय नव्हती. उपरोक्त विषयास अनुसरून भाड्याचा, बँकेचा, निधीचा आढावा घेण्यात आला. सर्व सभासदांचे, दुसऱ्यांना कापायला लावणाऱ्यांचे आणि स्वतः कापून घेणाऱ्यांचे आभार मानण्यात आले. आणि मग साइटने दाखवली ती शेवटची ओळ अशी होती, 'परंतु हे सर्व जिच्यामुळे शक्य झाले, जिने स्वतःची अडचण बाजूला ठेवून, ती माझी'.

खाली अभिप्राय धडाधड येऊ लागले. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, माझी कोण? डॉक्टरांनी लिहिलं, साहेब, आज पहिल्यांदाच तुमची सूचना शेवटपर्यंत वाचली. चष्मेवाल्यांनी नुसता एक नमस्कार टाकला.

ऑडिटरसाहेब उठून बाथरूमच्या दारात गेले. मशीन पिळण्याच्या ऐन भरात होतं, वहिनी वर बसून मोबाइल बघत होत्या आणि दोघं मिळून हळूहळू दाराकडे सरकत होती.

"अहो," वहिनी त्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाल्या, "पुढे काय होतं?"

ऑडिटरसाहेबांनी दोन्ही हात मशीनवर टेकवून ते जागीच अडवलं. मग जरा खाली वाकून, इकडेतिकडे बघत, त्यांनी उरलेलं वाक्य सांगितलं.

मशीन थांबलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे तर शंभरात बसलं असतं. आधी लिहायचं होतं."